बिनतारी हेडसेटची निवड : ऐकणें आणि ऐकूं जाणें

मोबाइलसाठीं बिनतारी हेडसेट घेण्यास निघालेला गृहस्थ दुकानांत गेला म्हणजे तेथें बहुधा एकच प्रकार घडतो. दुकानदार कांचेच्या कपाटांतून एक डबी काढतो, तींतील दोन बोंडें गिऱ्हाइकाच्या कानांत बसवितो आणि एखादें ठेकेदार गाणें लावून देतो. गाणें घुमतें, गिऱ्हाईक मान डोलावतें, आणि दीड हजार रुपयांचा व्यवहार पांच मिनिटांत पुरा होतो. पुढें आठ दिवसांच्या आंत एक निराळीच तक्रार येते, आणि ती हेडसेट घेणाऱ्याची नसते. नागपूरची बहीण म्हणते, "अरे, तुझा आवाज विहिरींतून आल्यासारखा येतो, फोन कानाला लावून बोल पाहूं." कचेरींतील वरिष्ठ विचारतात, "आपण रस्त्यावर उभे आहांत काय?" ज्याच्या कानांत यंत्र आहे त्याला मात्र सर्व कांहीं स्वच्छ ऐकूं येत असतें.

या वस्तूच्या निवडीचें मर्म येथेंच आहे. हेडसेट म्हणजे वस्तुतः एका डबींत बसविलेलीं दोन यंत्रें होत. एक कानासाठीं आणि दुसरें तोंडासाठीं. पहिल्याची परीक्षा घेणारा स्वतः करतो. दुसऱ्याची परीक्षा दूर बसलेला, ज्यानें तें विकत घेतलेलें नाहीं असा मनुष्य करतो. स्वस्त मालांत काटकसर होते ती पुष्कळदां या दुसऱ्या यंत्रांत. कारण दुकानांत तें कोणी तपासून पाहत नाहीं. एक ते दोन हजार रुपये खर्च करूं इच्छिणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबानें हा एक मुद्दा ध्यानांत ठेवला, तर बाकीच्या पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें त्याला आपोआप मिळतील.

प्रथम हें यंत्र काम कसें करतें तें पाहणें इष्ट आहे. त्यावांचून खोक्यावरील शब्दांचा अर्थ लागावयाचा नाहीं. मोबाइल आणि हेडसेट यांच्यामधील दळणवळण ज्या योजनेनें चालतें तिला ब्लूटूथ म्हणतात. स्वीडनमधील लुंड या गांवीं एरिक्सन कंपनीनें १९९४ सालीं तिच्या कामास आरंभ केला, आणि १९९८ सालीं एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा या पांच कंपन्यांनीं मिळून तिच्या प्रसारासाठीं एक मंडळ स्थापिलें. दहाव्या शतकांत डेन्मार्क एका छत्राखालीं आणणाऱ्या हॅराल्ड राजाचें 'ब्लूटूथ', म्हणजे निळा दांत, असें टोपणनांव होतें. निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें एकमेकांस जोडणाऱ्या योजनेला तेंच देण्यांत आलें. खोक्यावर दिसणारें तिचें चिन्ह त्या राजाच्या नांवाचीं दोन प्राचीन आद्याक्षरें एकांत एक गुंफून बनविलेलें आहे.

या योजनेंत आवाज ज्या लहरींवर स्वार होऊन जातो त्या २,४०० मेगाहर्ट्झच्या लगतच्या पट्ट्यांतील असतात. हा पट्टा बहुतेक देशांत परवान्यावांचून वापरतां येतो. त्यामुळें घरांतील वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीं दोन्हीहि तेथेंच वावरतात. या गर्दींतून वाट काढण्याकरितां ब्लूटूथमध्यें एक युक्ति योजिली आहे. पट्ट्याचे ७९ लहान मार्ग पाडलेले असून संदेश सेकंदाला १,६०० वेळां एका मार्गावरून दुसऱ्यावर उडी घेतो. एक मार्ग अडला तरी पुढची उडी मोकळ्या मार्गावर पडते. मात्र मनुष्याच्या शरीरापुढें ही युक्ति पुष्कळदां लटकी पडते. पाणी या लहरी शोषून घेतें, आणि शरीरांत पाण्याचाच अंश अधिक. मोबाइल विजारीच्या मागच्या खिशांत उजवीकडे आणि हेडसेटचें मुख्य बोंड डाव्या कानांत असलें म्हणजे उघड्या मैदानावर आवाज तुटक येऊं लागतो. खोलींत हाच प्रकार कमी जाणवतो, कारण तेथें भिंतींवरून परतलेल्या लहरी मदतीस येतात. अशा वेळीं हेडसेट परत करण्यापूर्वीं मोबाइल त्याच बाजूच्या वरच्या खिशांत ठेवून पाहावा. अनेकदां तेवढ्यानेंच तक्रार मिटते.

दुकानांत गोड गाणारा हेडसेट संभाषणांत निकामी कां ठरतो, याचें कारणहि याच योजनेंत सांपडतें. ब्लूटूथमध्यें गाण्यासाठीं एक वाट आणि संभाषणासाठीं दुसरी, अशी स्वतंत्र व्यवस्था आहे. गाणें मोबाइलकडून कानाकडे एकाच दिशेनें जातें आणि त्याला किंचित् उशीर झाला तरी कोणाचें बिघडत नाहीं. म्हणून त्याची वाट रुंद ठेवलेली आहे. संभाषण दोन्ही दिशांनीं आणि तत्क्षणीं व्हावें लागतें; म्हणून त्याची वाट अरुंद असते. जुन्या पद्धतींत ती इतकी अरुंद होती कीं, सेकंदाला सुमारें ३०० ते ३,४०० कंपनांच्या दरम्यानचाच आवाज तींतून पार होई. तारेच्या जुन्या टेलिफोनलाहि हीच मर्यादा होती. आतां 'स' या वर्णाचा सीत्कार मुख्यतः ४,००० कंपनांच्या वरचा असतो. तो गळून पडला म्हणजे 'साठ' या शब्दाचा 'आठ' होण्यास वेळ लागत नाहीं. आणि बोलणें जर औषधाच्या किंमतीविषयीं किंवा बँकेंतील रकमेविषयीं असेल, तर हा फरक थोडाथोडका नव्हे. २०११ सालच्या सुधारणेनें संभाषणाची वाट सुमारें ७,००० कंपनांपर्यंत रुंद करतां येऊं लागली. बाजारांत तिला 'एचडी व्हॉइस' किंवा 'वाइडबँड' अशीं नांवें आहेत. मोबाइल व हेडसेट या दोहोंतहि ती सोय असेल तरच तिचा उपयोग होतो. म्हणून घेणाऱ्यानें दुकानदारास प्रथम हाच प्रश्न विचारावा. २०२० सालीं जाहीर झालेली 'एलई ऑडिओ' ही आणखी पुढची पायरी आहे. परंतु घरांतील मोबाइलमध्यें ती नसेल, तर हेडसेटमध्यें तिच्यासाठीं जादा पैसे मोजण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

वाट रुंद असली तरी तिच्या तोंडाशीं बसलेला माईक दुबळा असेल तर लाभ शून्य. माइकच्या बाबतींत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचें ओठांपासूनचें अंतर. हें अंतर दुप्पट झालें कीं आवाजाचा दाब सामान्यतः निम्मा होतो. ओठांपासून चार सेंटिमीटरवर असलेल्या माइकला बोलणाऱ्याचा जेवढा आवाज मिळतो, त्याचा चौथा हिस्साच सोळा सेंटिमीटरवरील माइकला मिळतो. भोवतालचा गोंगाट मात्र दोघांनाहि सारखाच पोंचतो. यावरून कानांतील चिमुकल्या बोंडांची अडचण ध्यानांत येईल. त्यांचा माईक कानापाशींच राहतो; पंख्याचा घरघराट, मिक्सरचा आवाज आणि खिडकीखालून जाणारी रिक्षा यांच्या लोंढ्यांतून त्याला बोलणाऱ्याचा क्षीण झालेला स्वर निवडून काढावा लागतो. कानापासून गालावर आलेल्या दांडीच्या टोंकाशीं ज्याचा माईक आहे, असा साधा दिसणारा हेडसेट या कामीं देखण्या बोंडांना सहज मागें टाकतो.

येथें खोक्यावरील दोन शब्दांचा उलगडा करणें अवश्य आहे, कारण त्यांच्या सारखेपणामुळें पुष्कळांची फसगत होते. ते शब्द म्हणजे 'एएनसी' आणि 'ईएनसी'. पहिल्यानें घेणाऱ्याच्या कानांत शिरणारा गोंगाट कमी होतो. यंत्र बाहेरचा आवाज टिपतें आणि नेमक्या उलट कंपनांचा दुसरा आवाज निर्माण करून त्याला नाहींसा करतें. या कल्पनेसाठीं जर्मनींतील पॉल ल्यूग यांना १९३६ सालींच अमेरिकेंत पेटंट मिळालें होतें. आगगाडीची किंवा विमानाची अखंड घरघर तिच्यामुळें चांगलीच कमी होते. अकस्मात् होणारा खणखणाट किंवा शेजारच्याचें बोलणें यांवर तिचा प्रभाव पुष्कळच कमी पडतो. दुसरा शब्द जो 'ईएनसी', त्यानें दूरच्या माणसाकडे जाणारा गोंगाट कमी होतो. त्यासाठीं दोन किंवा अधिक माईक बसवितात. आवाज कोणत्या माइकला आधीं पोंचला यावरून तो तोंडाच्या दिशेचा कीं बाहेरचा हें यंत्र ताडतें, आणि बाहेरचा तेवढा दाबतें. थोडक्यांत, 'एएनसी' ही स्वतःची सोय आणि 'ईएनसी' ही दुसऱ्याची. ज्याचें काम मुख्यतः बोलण्याचें आहे त्यानें मर्यादित पैशांत दुसरीलाच अग्रमान द्यावा. मात्र चार माईक असल्याचें छापलेलें आहे एवढ्यावर विसंबूं नये. गोंगाट दाबण्याच्या भरांत कित्येक स्वस्त यंत्रें बोलणाऱ्याच्या शब्दांचीं टोंकेंहि छाटून टाकतात, आणि वाक्य ऐकूं जातें तें कुरतडलेल्या कागदासारखें.

आतां घाटाचा विचार. बाजारांत मुख्यतः चार घाट मिळतात, आणि प्रत्येकाचा धनी वेगळा आहे. एका कानाचा हेडसेट दिसावयास जुन्या वळणाचा; परंतु त्याचा दुसरा कान मोकळा राहतो, दाराची घंटा ऐकूं येते, आणि दिवसभर फोनवर ज्यांचा व्यवहार चालतो अशा दलालांना, वैद्यांना व दुकानदारांना तो अद्यापहि सोयीचा आहे. गळ्यांत अडकवावयाचा नेकबँड हा दुसरा. त्याचीं बोंडें पट्टीला जोडलेलीं असल्यामुळें लोकलच्या फलाटावर पडून हरवत नाहींत, आणि पट्टींत मोठी बॅटरी मावत असल्यामुळें एका चार्जिंगमध्यें तो अधिक काळ चालतो. मोजक्या पैशांत बोलणें व गाणें या दोन्ही गरजा भागवावयाच्या असतील, तर बहुतेक घरांना हाच घाट परवडेल. तिसरा घाट सुट्या इअरबडचा. तरुण मंडळींना तो प्रिय आहे आणि नेण्याआणण्यास सुटसुटीतहि आहे, परंतु त्याचें एक बोंड हरवलें कीं दुसरें निम्म्या उपयोगाचें उरतें. चौथा डोक्यावरून घ्यावयाचा. दांडीचा माईक असलेला हा हेडसेट घरीं बसून शिकविणाऱ्या शिक्षकाला किंवा तासन् तास सभा चालविणाऱ्या कारकुनाला उत्तम. मात्र वैशाख महिन्यांत त्याच्या गाद्यांखालीं कानांना घाम फुटतो, हें आधींच जाणून असावें.

खोक्यावरील आंकड्यांचाहि एकदां हिशेब करावा. 'चाळीस तास' असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असलें, तर इअरबडच्या बाबतींत बहुधा त्यांत डबींतून पुनः पुनः भरून घेतलेल्या विजेचे तासहि धरलेले असतात. बोंडें कानांत एका बैठकींत किती वेळ चालतात हा आंकडा निराळा आणि पुष्कळच लहान असतो. त्यांतहि संभाषणाचे तास गाण्याच्या तासांहून कमी भरतात. शिवाय आंतील लिथियमची बॅटरी शेंकडों वेळां भरून झाल्यावर हळूहळू क्षीण होते, आणि स्वल्प किंमतीच्या मालांत ती बहुधा बदलतां येत नाहीं. अशी निरुपयोगी झालेली वस्तु घरच्या केरांत न टाकतां ई-कचऱ्याच्या संकलनाकडे द्यावी, हें सांगणें नलगे. ब्लूटूथची आवृत्ति ५.० आहे कीं ५.३ यावरून आवाजाची गोडी ठरत नाहीं. पडद्याचा व्यास दहा मिलिमीटर कीं तेरा, यावरूनहि ती ठरत नाहीं. रबराची टोपी कानांत घट्ट बसली नाहीं, तर मोठ्या पडद्याचाहि खर्ज वाऱ्यावर जातो. म्हणून लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या खोक्यांत आहेत ना, हें पाहणें अधिक शहाणपणाचें. मुंबई-कोंकणाकडील पावसांत आणि व्यायामाच्या घामांत 'आयपीएक्स-४' ही खूण कामास येते. चोहोंकडून उडणारे पाण्याचे शिंतोडे यंत्र सोसूं शकतें, एवढाच तिचा अर्थ आहे; पोहण्याचा परवाना ती देत नाहीं, आणि बोंडांना दिलेली खूण डबीला लागू आहे असेंहि समजूं नये.

इतकें पाहून झाल्यावर खरी परीक्षा राहते, आणि तिला एक पैसाहि खर्च येत नाहीं. दुकानांत गाणें लावूं देण्याऐवजीं गिऱ्हाइकानें आपल्या मोबाइलला तो हेडसेट जोडून घ्यावा, रहदारीच्या बाजूस तोंड करून उभें राहावें आणि घरच्या माणसाला फोन लावावा. दोन मिनिटें नेहमींच्या आवाजांत बोलावें. साठ, सात, आठ असे आंकडे मुद्दाम उच्चारावेत आणि पलीकडच्याकडून ते परत म्हणवून घ्यावेत. मग तेंच बोलणें फोन कानाला लावून करावें, आणि दोहोंत फरक किती पडला हें त्यालाच विचारावें. तुलना नेहमीं हातांतल्या मोबाइलशीं करावी. कारण दूरच्या माणसाला त्याच आवाजाची संवय झालेली असते. वस्तु घरबसल्या मागविली असेल, तर परत करण्याची मुदत आधीं वाचून ठेवावी आणि हीच परीक्षा पहिल्या दिवशींच उरकावी. पुष्कळ लोक डबी उघडतात, गाणें ऐकून संतुष्ट होतात, आणि मुदत टळून गेल्यावर पहिला महत्त्वाचा फोन करतात.

कायद्यानें दिलेलें संरक्षणहि गिऱ्हाइकानें उपयोगांत आणावें. भारतांत विकल्या जाणाऱ्या बिनतारी हेडफोन-इअरफोनना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, आणि ब्यूरोच्या चिन्हाबरोबर 'आर' या अक्षरानें आरंभ होणारा क्रमांक मालावर किंवा वेष्टनावर असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील सोयींत तो क्रमांक घातला असतां नोंदणी खरी कीं खोटी हें तेथल्या तेथें कळतें. ही नोंदणी मुख्यतः विजेच्या सुरक्षिततेची ग्वाही देते. आवाजाच्या गुणाची नव्हे. तरीहि कानांत बसवावयाच्या आणि आंत बॅटरी असलेल्या वस्तूच्या बाबतींत ती ग्वाही क्षुल्लक समजतां येणार नाहीं. नांवाजलेल्या मालाचीं हुबेहूब नक्कल केलेलीं खोकीं पदपथावर पांचशें रुपयांत मिळतात, त्यांना याच ठिकाणीं ओळखतां येतें. छापील पावती घ्यावी, हमीची मुदत तिच्यावर लिहवून घ्यावी, आणि दुरुस्तीचें केंद्र आपल्या शहरांत आहे ना हें विचारावें.

कानांच्या आरोग्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०१९ सालीं जें मानक प्रसिद्ध केलें, त्याप्रमाणें प्रौढ माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांच्या बाबतींत ही पातळी ७५ डेसिबलची धरली आहे. दर तीन डेसिबलच्या वाढीबरोबर हा काळ निम्मा होत जातो, म्हणजे ९० डेसिबलला प्रौढांचे आठवड्याचे चारच तास उरतात. कानांत नीट न बसणारा हेडसेट येथें दुहेरी नुकसान करतो. बाहेरचा गोंगाट आंत येतो आणि त्यावर मात करण्याकरितां आवाज वाढवावा लागतो. दुचाकीवर असतांना किंवा रस्ता ओलांडतांना दोन्ही कान बुजवून घेणें हा तर केवळ आत्मघात होय. तेथें कोणताहि हेडसेट चांगला नव्हे.

कित्येक घरांना या सर्व विचारानंतर असें आढळेल कीं, आपली गरज बिनतारी यंत्राची नसून चार-पांचशें रुपयांच्या तारेच्या इअरफोननेंहि भागण्यासारखी आहे. त्याला चार्जिंग लागत नाहीं, आणि ब्लूटूथच्या अरुंद वाटेंतून त्याचें बोलणें जात नाहीं. मोबाइलला तारेचें भोंक आहे किंवा त्याच्या चार्जिंगच्या तोंडाशीं जुळणारा इअरफोन मिळतो, इतकें पाहिलें म्हणजे झालें. असा निर्णय घेण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

ज्यांना बिनतारीच हवा, त्यांनीं आपलें बोलणें बहुतकरून कोणाशीं होतें याचा विचार करून तो घ्यावा. वय वाढलें म्हणजे कानांची उंच स्वर ऐकण्याची शक्ति आधीं कमी होते. 'स' सारखे वर्ण वृद्धांना तसेच अस्पष्ट ऐकूं येतात, आणि दुबळा माईक ते पोंचण्यापूर्वींच गिळून टाकतो. पुण्याला नोकरीस असलेला मुलगा रात्रीं साताऱ्याला आईशीं बोलतो तेव्हां त्याच्या कानांत तिचा शब्द न् शब्द स्पष्ट उमटतो. तिला मात्र अर्धें बोलणें अंदाजानें जुळवावें लागतें. दोन वेळां "काय म्हणालास?" असें विचारून ती तिसऱ्या वेळीं विचारीत नाहीं, "बरं, जेवून घे, ठेवतें आतां," एवढें म्हणून फोन बंद करते. मुलाला वाटतें, आईला झोप आली असेल. अशा घरांत हेडसेटची किंमत मुलगा एकदां देतो आणि आई रोज देत असते. तेव्हां खरेदीच्या दिवशीं पहिला फोन तिलाच लावावा, आणि ती "आतां नीट ऐकूं येतंय हो," असें आपण होऊन म्हणेल तोच हेडसेट घरीं आणावा.